लाल डोळ्यांची पंगत

चिचटोल्यात सगळ्यात आधी डोळे आले ते सत्यशीलेचे, आणि तेही लग्न अकरा दिवसांवर असताना.

कॉलेजची पुस्तकं परत करायला ती ब्रह्मपुरीला गेली होती. परतीच्या जीपमध्ये चौदा माणसं कोंबलेली, त्यातली आठ-नऊ डोळे चोळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पापण्या उघडेनात. बायनाबाईला वाटलं, पोरगी सासरी जायच्या विचारानं रात्रभर रडली. तिनं लेकीला जवळ घेतलं, आपण स्वतः लग्नात किती रडलो होतो ते सविस्तर सांगितलं, स्वतःच्या पदरानं तिचे डोळे पुसले आणि त्याच पदरानं आपलेही पुसले. तिसऱ्या दिवशी बायनाबाईचे डोळे आले.

एकोणीसशे एक्क्याऐंशीचा तो उन्हाळा. साथ कुठून आली कोण जाणे. कोणी म्हणे कलकत्त्याहून, कोणी म्हणे नागपूरच्या रेल्वेतून. रेडिओवर सांगत होते की ती देशोदेशी फिरतेय. जगभर फिरणारी गोष्ट चिचटोल्यापर्यंत आली याचं काही जणांना कौतुकच वाटलं. डोळ्यात डोळा घातला की रोग लागतो, असं एकदा कोणीतरी म्हटलं आणि गावानं एकमेकांकडे बघणं सोडून दिलं. सरपंच लिंबाच्या झाडाकडे तोंड करून तक्रारी ऐकायचे. हातपंपावर बायका पाठीला पाठ लावून भांडायच्या, आणि समोर तोंड नसल्यानं भांडण लवकर संपायचं. न्हाव्यानं वस्तरा गुंडाळून ठेवला, त्यामुळं अख्ख्या गावाच्या दाढ्या वाढल्या.

आणि गॉगल. काळा गॉगल त्याआधी गावात एकाच माणसाकडे होता, आणि त्याला पोरींच्या बापांनी दोनदा समज दिली होती. आता ब्रह्मपुरीचा नवाब, जो सायकलवर बांगड्या विकायला यायचा, तो हँडलला गॉगलांच्या माळा लटकवून येऊ लागला. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या गॉगल लावून शेळ्या चारू लागल्या.

हे सगळं गमतीचं होतं. सत्यशीलेच्या बापाच्या, देवाजीच्या घरात मात्र गंमत चालली नव्हती.

---

"दिवाळीनंतर करू," सोमाजी म्हणाला.

सोमाजी हा देवाजीचा थोरला. चंद्रपूरला सरकारी कचेरीत कारकून. बहिणीच्या लग्नासाठी आठ दिवसांची रजा काढून आला होता आणि आल्यापासून नाकाडोळ्यांवर रुमाल धरून अंगणाच्या पार टोकाला खाट टाकून बसला होता. मांडीवर नवरदेवाच्या बापाचं, दसरूभाऊंचं पत्र होतं. नवरदेव श्रावणचेही डोळे आले आहेत, तुमचा विचार काय तो कळवा, एवढंच त्यात होतं.

"आत्ता कोणी येणार नाई बाबा. माह्ये साहेब त बिलकुल नाई येत. इकडे नवरी लाल, तिकडे नवरदेव लाल. फोटोत काय दिसन?"

"गॉगल दिसन," बायनाबाई म्हणाली. ती ओट्यावर डोळ्यांवर कोथिंबिरीच्या पाण्याची पट्टी ठेवून आडवी झाली होती. "चांगला दिसन. तुह्या लग्नात तू डोळे मिटले होते त्याच्यापेक्षा चांगला."

"आई, तुले मजाक सुचून राह्यला."

"काही दिसून नाई राह्यलं, त काही त सुचलं पायजे."

सत्यशीला घराच्या दारात, सावलीत बसली होती. तिनं गॉगल कपाळावर सारला. "दादा, मी नाई थांबत. जुलैत मले सिरोंच्याच्या शाळेत रुजू व्हाचं हाये. ते तिथीच मास्तर हाये. लग्न झालं त दोघं एका घरी राहू, नाई त मी एकटी कुठी राहू? तेलगू बी येत नाई मले. दिवाळीपर्यंत लग्नाच्या वाटेकडे पाहत बसू का?"

सोमाजीनं बापाकडे पाहिलं. देवाजी अंगणात उभा होता, मांडवासाठी आणलेल्या लाकडी बल्ल्या एकावर एक रचत, पुन्हा पुन्हा त्याच. त्याचे डोळे अजून स्वच्छ होते.

"पाटलाले इचारून येतो," तो म्हणाला.

"पाटलाले काऊन?" सोमाजी उठूनच बसला. "पोरगी आपली, डोळे आपले."

"त्यानं शब्द देल्ला हाये."

कोणता शब्द ते सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, भर बाजारात, पत्रू पाटील म्हणाला होता, "देवाजी, पोरीच्या लग्नात तुह्या मांडवात जेवीन मी." देवाजी बौद्ध, पत्रू कुणबी. दोघांची शेतं एका बांधाला लागून, दोघांचं वय एक, चिखलणीला एकमेकांचे बैल लागायचे. पत्रू देवाजीच्या अंगणात येऊन खाटेवर बसायचा, तंबाखू मळायचा, पोरांची नावं घेऊन चौकशी करायचा. पण पन्नास वर्षांत त्या घरचं पाणी त्याच्या ओठाला लागलं नव्हतं. चहा आला की तो म्हणायचा, आत्ताच पिऊन आलो. जेवणाचा विषय निघाला की म्हणायचा, पोट भरलं हाये. सोमाजीच्या लग्नात जुन्या रिवाजाप्रमाणं त्याच्या घरी कोरा शिधा पाठवला होता. तांदूळ, डाळ, तूप, गूळ. म्हणजे लग्न आमचं आणि चूल त्यांची.

"तसंच करू मंग," सोमाजी म्हणाला. "शिधा पाठवू. त्याची बी इज्जत राहते, आपली बी. साथीचं निमित्त चांगलं हाये."

"शिधा नाई," देवाजी म्हणाला. "पान वाढीन. माह्या मांडवात."

खांद्यावर दुपट्टा टाकून तो निघाला. बायनाबाईनं डोळ्यावरची पट्टी उचलून त्याच्याकडे बघितलं, आणि तिला तो फार लहान दिसला. साठ वर्षांचा माणूस, पण शाळेतून पास का नापास विचारायला निघालेल्या पोरासारखा.

---

पत्रू पाटील ओट्यावर होता. देवाजी फाटकातून आत येतो न येतो तोच त्यानं पाठ फिरवली.

"तिथीच थांब देवाजी. आले का तुले?"

"मले नाई आले, पाटील. घरी हाये दोघींले."

"मंग तेच झालं. माह्या घरात सुनेचे आले. गोठ्यात बसवलं तिले." हे सगळं तो खुंट्याला बांधलेल्या बैलाला सांगत होता. बैल शांतपणे ऐकत होता.

"लग्न ठरल्या दिवशी करतो म्हणतो," देवाजी म्हणाला. "तुमी सांगतलं होतं, म्हून इचाराले आलो."

पत्रूनं बैलाच्या पाठीवर हात फिरवला. एकदा, दोनदा.

"मी येतो ना. मांडवात बसतो. मंगल होऊ दे. पण जेवाचं म्हणजे... साथ हाये गा. जरा डोळे निवळू दे गावाचे, मंग पाहू. जेवण कुठी पळून जाते?"

"लग्नाचं जेवण लग्नातच होते, पाटील."

पत्रूनं बैलापुढं वैरण सारली. देवाजी त्याच्या पाठीकडे बघत उभा राहिला. रुंद पाठ, घामानं भिजलेला सदरा. मग तो घरी आला.

सत्यशीला अंगणात बापाची वाटच बघत होती. तो तिच्याजवळ न बसता चार हात लांब उकिडवा बसला.

"एक सांग पोरी. त्याले डोळ्याचं भेव हाये का दुसरं? तोंड त पाहू देत नाई तो. पह्यले तोंडावरून समजत होतं."

सत्यशीलेला राग आला. पत्रूचा आला, आणि थोडा बापाचाही. "बाबा, त्यायनं जेवलं नाई त माह्यं लग्न लागत नाई का? आपले हजार माणसं जेवतीन. पाटलाच्या एका पानासाठी तुमी इतके कासावीस काऊन?"

देवाजीनं जमिनीवर काडीनं रेघ मारली. मग ती पुसली.

"आमी नऊ वर्साचे होतो. तो आपल्या म्हशी चारे, मी पाटलाच्याच म्हशी चारो. धान कापल्यावर बांधीत पाणी उरलं होतं, त्यात मासोळ्या धरल्या. पळसाच्या पानात भाजल्या. एकाच पानावर खाल्ल्या दोघांनं. मीठ बी नव्हतं. त्याच्या मायनं पाह्यलं. त्याले तिथीच झोडपलं, गोमूत्र पाजलं, पूर्ण वाड्यासमोर आंघोळ घातली. मले माह्या बापानं मारलं, त्याच्याहून जास्त. भेवानं मारलं. तवापासून त्यानं माह्या हातचं काही खाल्लं नाई." तो थांबला. "मले पाटील जेवाले नाई पायजे, पोरी. मले तो पोट्टा जेवाले पायजे."

सत्यशीलेनं गॉगल काढून डोळे टिपले. मग म्हणाली, "मंग त्यानं यायले पायजे. दरवेळी तुमीच काऊन जाता?"

देवाजी उठून पुन्हा बल्ल्यांकडे गेला.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी बायनाबाई मांडवासाठी जांभळाच्या डहाळ्या आणायला निघाली. गॉगल लावून, डोक्यावरून पदर घेऊन. वाट पाटलाच्या गोठ्यामागून जात होती. तिथं तिला जे दिसलं ते पाहून ती कुडाच्या आडोशाला थांबली.

गोठ्याच्या कोपऱ्यात पत्रूची सून आशाबाई बसली होती, डोळे टोमॅटोएवढे. तिच्यासमोर पितळी, आणि तिची सासू दोन हात लांबून, कमरेत वाकून, वरूनच तिच्या पितळीत भात सोडत होती. अर्धा भात शेणात पडला. मग सासूनं लोटा उचलला, सुनेनं ओंजळ पुढं केली, आणि सासूनं वरून पाण्याची धार धरली.

ती धार बायनाबाईला चांगली ओळखीची होती. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा याच घराच्या विहिरीवर, अशीच ओंजळ धरून, अशीच वरून पडणारी धार तिनं प्यायली होती. छप्पन साली धम्म घेतला त्यानंतर तिनं त्या विहिरीवर जाणंच सोडलं. त्यांच्या आळीनं आपली विहीर खणली.

बायनाबाईला हसू आलं. आधी नुसतंच पोटात, मग तोंडाला पदर लावला तरी आवरेना. सासू घरात गेली तशी ती गोठ्यात शिरली आणि हसतच आशाबाईशेजारी बसली.

"बाई, हसता काऊन?" आशाबाई रडवेली झाली होती.

"वं पोरी, मले वाटे का हे वरचं पाणी फक्त आमच्याच नशिबी होतं. आता पाटलीणबाई घरच्या सुनेले बी पाजून राह्यल्या. मले मोठं हलकं वाटलं बा."

आशाबाईनं तिच्याकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या इतक्या जवळ येऊन बसलं होतं. "तुमाले लागन ना बाई."

"काय लागन? माह्ये आलेच हाये." तिनं गॉगल काढून आपले लालबुंद डोळे दाखवले. "तुह्ये मले लागत नाई, माह्ये तुले लागत नाई. आता आपण दोघी एका जातीच्या."

आता दोघीही हसल्या. बायनाबाईनं पदराची गाठ सोडली. लग्नाच्या लाडवांसाठी सकाळी बुंदीच्या थोड्या कळ्या पाडून पाहिल्या होत्या, त्यांचे दोन लाडू ती डहाळ्या तोडणाऱ्यांसाठी घेऊन निघाली होती. एक तिनं आशाबाईच्या हातावर ठेवला. आशाबाईनं तो खाल्ला. सगळा खाऊन झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण कोणाच्या घरचं खाल्लं. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. मग दुसरा लाडू मागितला.

"गूळ जरा जास्त झाला," ती म्हणाली.

"साखर हाये."

"मंग साखर जास्त झाली." तिनं बोटं चाटली. "लग्नाले येते मी बाई. घरचे काई म्हणोत. इथी बसून तरी काय करू? सारे डोळेवाले तिथी भेटतीन त तितकंच बोलणं होईल."

बायनाबाई डहाळ्या विसरली. ती तशीच उठून घराकडे वळली, वाटेत एकदा थांबली, स्वतःशी मान डोलावली आणि झपझप चालू लागली.

---

"दोन पंगती," तिनं अंगणात उभं राहून जाहीर केलं. "मांडवाच्या डाव्या हाताले ज्यायचे डोळे आले ते. उजव्या हाताले ज्यायचे नाई आले ते. डाव्या बाजूले डोळे आलेलेच वाढतीन, उजवीकडे चांगले डोळेवाले. कोणाले कोणाचं लागत नाई. अन् दसरूभाऊले पत्र लिहा, का नवरदेव लाल असन त लालच घेऊन या."

देवाजीनं हातातली बल्ली खाली टाकली. मग तो हसायला लागला. साथ आल्यापासून त्या घरानं त्याला हसताना ऐकलं नव्हतं.

सोमाजीनं रुमाल तोंडावरून काढला. "आई, लोक काय म्हणतीन? लग्नात डोळ्यावरून पंगती? कधी ऐकलं का असं?"

"कायच्या कायच्यावरून पंगती पडल्या ते तुले ऐकाले नाई भेटलं बाबू," बायनाबाई म्हणाली. "मी ऐकवू का?"

सत्यशीला उठून आईच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तीन विरुद्ध एक झाले. सोमाजी खाटेवर परत बसला आणि म्हणाला की फोटोग्राफरला तो काही सांगणार नाही, त्यानं स्वतःच येऊन बघावं.

पुढचे चार दिवस देवाजी घरोघर फिरला. बौद्धांच्या आळीत, कुणब्यांच्या आळीत, ढिवरांच्या टोल्यावर. फाटकाबाहेर उभा राहून तो ओरडून सांगायचा, "डोळे आले असन त डाव्या हाताले या, नसन आले त उजव्या हाताले." घरातून हसण्याचा आवाज यायचा. लोकांना हे फार आवडलं. घरात कोंडून बसलेल्या लाल डोळ्यांच्या माणसांना कोणीतरी, होय, तुम्हीच या, असं म्हणत होतं. पत्रूच्या फाटकाशीही तो गेला आणि तेच ओरडला. पत्रू बैलाशी बोलत होता. त्यानं मान हलवली, वळून बघितलं नाही.

नवाबनं दोन डझन गॉगल मांडवाच्या दारात ठेवायचं कबूल केलं. "गुलाबपाणी छिडकाचं काम बी माह्यंच बाई," तो म्हणाला. "अंगावर नाई, सीधा आँख में."

---

लग्नाच्या दिवशी सकाळी देवाजीला जाग आली तेव्हा जग गुलाबी दिसत होतं. त्याचे डोळे आले होते. तो बाहेर आला तर सोमाजी पितळी गडूत डोळे बुडवून बसला होता.

"तुह्ये बी?"

"काई बोलू नोका बाबा," सोमाजी म्हणाला.

बायनाबाईनं दोघांकडे पाहिलं आणि त्यांना डाव्या बाजूला धाडलं.

लग्न छान लागलं. मांडवात जांभळाचा पाला, पुढं टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, मेणबत्त्या, फुलं. नवरदेव श्रावण पांढऱ्या कपड्यात आणि काळ्या गॉगलात आला, तेव्हा पोरींनी शिट्ट्या मारल्या. बौद्धाचार्यांनीही गॉगल घातला होता. पुस्तकातलं एक अक्षर दिसेना तेव्हा त्यांनी ते मिटून ठेवलं आणि सगळं मुखोद्गत म्हटलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. हार घालायच्या वेळी सत्यशीला थांबली. "एकदा काढा," ती हळूच म्हणाली. श्रावणनं गॉगल काढला, तिनंही काढला. दोघांचे डोळे सारखेच लाल, सारखेच वाहणारे. ती म्हणाली, "झालं, पाह्यलं," आणि हार घातला. फुलांचा पाऊस पडला, तो बराचसा चुकीच्या माणसांवर.

मग पंगती बसल्या. देवाजीला वाटलं होतं डावी बाजू लहान असेल. पण डाव्या बाजूच्या पट्ट्या पुरेनात. ढिवराची म्हातारी, सरपंचांचा भाऊ, शाळेचे हेडमास्तर, देवाजीचे तीन साडू, आणि घरच्यांना न विचारता आलेली आशाबाई. सगळे एका ओळीत, काळ्या काचांमागे, पुढ्यात पळसाच्या पतराळ्या. शेजारी कोण बसलंय ते धड कोणाला दिसत नव्हतं, आणि ज्यांना दिसत होतं ते बोलत नव्हते. उजव्या बाजूला चांगल्या डोळ्यांचे, त्यात पत्रूचा धाकटा भाऊ झाडू पाटील आणि कुणब्यांच्या आळीतली दहा-बारा माणसं. ती जेवायला नव्हे, मान राखायला आली होती. पतराळ्यांपासून जरा मागं सरून, कोणी पान वाढायच्या आत उठता येईल अशा बेतानं बसली होती.

पत्रू नव्हता.

देवाजी मांडवाच्या दारात उभा होता. मुलीच्या बापानं सगळ्यात शेवटी जेवायचं असतं, पण वधूपित्यानं वाढायचंही नाही असं बायनाबाईनं बजावलं होतं, त्यामुळं त्याला नुसतं उभं राहणं आलं. त्याला वाईट वाटत होतं आणि तो ते लपवत नव्हता. बायनाबाई दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "गंज माणसं आली, मांडव भरला. पाहा तिकडे." तो म्हणाला, "पाहून राह्यलो."

तेवढ्यात रस्त्यानं पत्रू आला. धुतलेलं धोतर, नवा सदरा, आणि डोळ्यांवर काळा गॉगल, उलटा लावलेला. तो सरळ चालत आला, नवाबच्या गुलाबपाण्याला हातानंच नाही म्हणाला आणि मांडवात शिरून डावीकडे वळला.

"दादा," झाडू उजवीकडून ओरडला, "तुह्ये आले का?"

"आले," पत्रू म्हणाला. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं.

ओळीच्या टोकाला दोन पानं नव्यानं मांडली होती, ती रिकामी होती. पत्रू एकापाशी उभा राहिला. "देवाजी, तू बस. मंग मी बसतो."

"मी पोरीचा बाप हाये, पाटील. माह्यं मागून."

"आज डोळे आले ना तुह्ये? मंग डावीकडे बस. तूच सांगतलं होतं फाटकात ओरडून."

सोमाजी म्हणायला लागला की असं नसतं, वधूपिता पहिल्या पंगतीला बसत नाही. बायनाबाईनं त्याच्या हातात भाताचं घमेलं दिलं आणि त्याला तिकडे पाठवलं. देवाजी बसला. शेजारी पत्रू बसला. बायनाबाईनं वाढलं. लुचई तांदळाचा भात, वरण, तूप, वांग्याची भाजी, कढी, वर लाडू. पत्रूनं भात कालवला, घास उचलला, आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. देवाजीला स्वतःच्या पानाकडे बघायचं सुचत नव्हतं.

मे महिन्याची दुपार. मांडवात हवा नव्हती. पत्रूच्या कपाळावरून घाम गॉगलच्या आत उतरला आणि डोळ्यात झोंबला असावा, कारण त्यानं खरकटा उजवा हात वर धरून डाव्या हातानं गॉगल काढला आणि बाहीनं तोंड पुसलं. त्याचे डोळे देवाजीनं हातभर अंतरावरून पाहिले. पांढरे, स्वच्छ.

देवाजी हळू आवाजात म्हणाला, "पत्रू, कुठी आले गा तुह्ये डोळे?"

पन्नास वर्षांत त्यानं त्याला नावानं हाक मारली नव्हती.

पत्रूनंही हळूच उत्तर दिलं. "येतीन. चार दिवसांत येतीन. तुह्याजवळ बसलो ना."

"म्हंजे रोगाच्या नावानं जेवून राह्यला तू?"

पत्रूचा घास थांबला. हातातल्या गॉगलकडे त्यानं पाहिलं. तो घातला असता तर कोणाला काही कळलं नसतं. जेवण झालं असतं, शब्द पाळला गेला असता, आणि आळीत सांगायला कारणही राहिलं असतं. त्यानं गॉगलची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि मान वर करून समोरच्या ओळीकडे बघितलं.

झाडूनं ते बघितलं. आळीतल्या माणसांनीही बघितलं.

"दादा," झाडू म्हणाला, "तुह्ये डोळे त साफ हाये. चुकीच्या पंगतीत बसला तू. ऊठ, इकडे ये."

आशाबाई पानावर हात ठेवून सासऱ्याकडे बघत राहिली. सोमाजी घमेलं घेऊन मधेच थांबला. सत्यशीला नवऱ्याशेजारी उभी होती, तिनं गॉगल काढला, डोळे झोंबत असूनही.

पत्रूनं वरणात बोटं बुडवली. "पानावरून उठत नसते गा," तो भावाला म्हणाला. "माह्यं अर्धं झालं. तुह्यं अजून सुरू बी नाई." मग बायनाबाईकडे पाहून, "बाई, भात आना. अन् मीठ आना, या भाजीत जरा कमी हाये."

बायनाबाई भात घेऊन आली. तिनं तो वाढला, वाकून, पानाला हात लागेल इतक्या जवळून. उजवीकडे दोघं-तिघं उठून बाहेर गेले. बाकीचे बसून राहिले. झाडूनं जाणाऱ्यांकडे एकदा पाहिलं, मग त्यानं पतराळी जवळ ओढली.

त्या महिनाभर सगळ्या गावाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळं देवाजीचं कोणाला वेगळं दिसलं नाही. पत्रूला दिसलं. त्यानं आपल्या पानातला लाडू मोडला आणि अर्धा देवाजीच्या पानात टाकला.

"खा आता," तो म्हणाला. "भात थंडा होते."